जुन्या कॅटामरानची करकर : सांध्यांतील ढिलेपणा आणि चौकटीची दृढता

गोषवारा :

समुद्रकिनाऱ्यावरून थेट पाण्यात लोटता येणारी दोन हलांची शिडाची नौका, म्हणजेच बीच कॅटामरान, जुनी झाली की करकरू लागते आणि तिची चौकट 'नरम' झाल्याची तक्रार केली जाते. धातूच्या नळ्या वयोमानाने नरम होत नाहीत, नरम होतात ते त्यांचे सांधे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. होबी १६ ही नौका उदाहरणादाखल घेऊन आवाजाचे कारण, ढिलेपणा मोजण्याची रीत आणि दुरुस्तीचा मार्ग यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कॅटामरान, दृढता, पीळ, सांधा, घर्षण, इपॉक्सी

प्रस्तावना :

'कॅटामरान' हा शब्द इंग्रजीत तमिळमधून गेला. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम' म्हणजे झाड अथवा लाकूड. मूळ कट्टुमरम हा दोरीने बांधलेल्या ओंडक्यांचा तराफा असून आज ज्या जुळ्या नौकेला हे नाव मिळाले आहे तिच्याशी त्याचे रचनासाम्य अल्प आहे. तथापि नावातील 'बांधणे' ही क्रिया मात्र नेमकी आहे. दोन स्वतंत्र तरंगणाऱ्या वस्तू एकमेकींना कशा बांधाव्यात हाच या नौकांचा आरंभापासूनचा प्रश्न आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावरील उलांडीच्या होडीतही हाच प्रश्न काथ्याच्या दोरीने सोडविलेला दिसतो.

या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे दिली गेली. अमेरिकन नौकारचनाकार नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी १८७६ मध्ये 'अमॅरिलिस' ही कॅटामरान बांधली. प्रत्येक हलाला लाटेवर स्वतंत्रपणे वर-खाली होता यावे म्हणून त्यांनी तिचे सांधे हेतुतः हलते ठेवले होते व १८७७ मध्ये या रचनेचे पेटंटही घेतले. पॉलिनेशियन परंपरेतील नौका, तिच्या प्रेरणेने १९७५ मध्ये हवाईत जलावतरण झालेली 'होकुलेआ', तसेच ब्रिटिश रचनाकार जेम्स व्हॅरम यांच्या नौका यांत तुळया दोरीने आवळलेल्या असतात. दुसरे उत्तर धातूच्या घट्ट चौकटीचे. किनाऱ्यावरील छोट्या कॅटामरानने हेच स्वीकारले.

कॅलिफोर्नियातील सर्फबोर्ड-निर्माते होबी ऑल्टर यांनी फिल एडवर्ड्‌स यांच्या साहाय्याने विकसित केलेली होबी १६ ही या वर्गातील सर्वाधिक परिचित नौका. १९६९-७० च्या सुमारास ती बाजारात आली आणि आजवर तिच्या एक लाखाहून अधिक प्रती तयार झाल्या आहेत. लांबी सुमारे ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन सुमारे १४५ किलोग्रॅम. साहजिकच जगभर तीस-चाळीस वर्षे वयाच्या असंख्य नौका वापरात आहेत. त्यांपैकी पुष्कळ नौका 'चौकट गेली' एवढ्या निदानावर मोडीत काढल्या जातात. हे निदान बहुधा अपुरे असते. उलट काही वेळा जी करकर किरकोळ समजून तेल टाकून बंद केली जाते ती डोलकाठी कोसळण्याची पूर्वसूचना असते. दोन्ही बाजूंनी होणारे नुकसान टाळावयाचे तर आवाजाचा अर्थ समजून घेणे आवश्यक ठरते.

चौकटीची रचना :

होबी १६ मध्ये फायबरग्लासचे दोन हल असतात. प्रत्येक हलातून ॲल्युमिनियमचे दोन खांब वर येतात. या चार खांबांवर चौकट बसते. पुढचा आडवा दांडा, मागचा आडवा दांडा आणि दोन बाजूंचे दांडे हे चार कोपऱ्यांतील ओतीव ॲल्युमिनियमच्या तुकड्यांत शिरवून रिव्हेटांनी पक्के केलेले असतात. चौकटीवर मधोमध दोरीने आवळलेले ट्रॅम्पोलिनचे कापड ताणलेले असते, त्यावर नाविक बसतात. डोलकाठी पुढच्या आडव्या दांड्याच्या मध्यावर उभी राहते. डोलकाठीच्या दाबाने तो दांडा खाली वाकू नये यासाठी त्याच्या खालून एक पोलादी सळई ताणलेली असते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. रचनाशास्त्राच्या प्राथमिक अध्यापनात आपण सांधे दोनच प्रकारचे मानतो : पूर्ण दृढ किंवा पूर्ण मोकळा बिजागरीसारखा. प्रत्यक्षातील रिव्हेटचा सांधा या दोहोंपैकी कोणताच नसतो. तो काही अंशापर्यंत मोकळा हलतो व नंतर एकाएकी दृढ होतो. पाठ्यपुस्तकातील चौकट आणि किनाऱ्यावरची चौकट यांतील सर्व अंतर या 'काही अंशा'त साठलेले आहे.

लवचिकता आणि ढिलेपणा :

वाऱ्यात चालणाऱ्या कॅटामरानवर मुख्यतः दोन प्रकारची विकृती लादली जाते. पहिलीत वरून पाहता आयताकृती चौकट समांतरभुज होऊ पाहते, म्हणजे एक हल पुढे सरकतो व दुसरा मागे राहतो. दुसरीत एका हलाची नाळ वर उचलली जाते त्याच क्षणी दुसऱ्याची पाण्यात दबते, अर्थात चौकटीला पीळ बसतो. पहिलीला ट्रॅम्पोलिनचे ताणलेले कापड बऱ्यापैकी विरोध करते. दुसरीला विरोध करण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी दांडे आणि त्यांचे सांधे यांच्यावर पडते.

ॲल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे ७० गिगापास्कल असतो आणि वापराने त्यात लक्षणीय घट होत नाही. नळीला तडा गेला नसेल, क्षरणाने तिची जाडी खाल्ली नसेल, तर चाळीस वर्षांपूर्वीची नळी आजही तेवढीच ताठ आहे. मग चौकट नरम का वाटते? एक साधे गणित पाहू. समजा, आडवा दांडा कोपऱ्याच्या तुकड्यात १०० मिलिमीटर खोल शिरला आहे आणि झिजेमुळे तेथे ०.५ मिलिमीटर फट निर्माण झाली आहे. फट इतकी अल्प की डोळ्यांना सहसा दिसत नाही. तरीही दांडा ०.५ भागिले १००, म्हणजे ०.००५ रेडियन इतका कलू शकतो. दोन्ही टोकांचे सांधे असेच ढिले असतील आणि हलांमध्ये २ मीटर अंतर धरले तर एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत १० मिलिमीटर वर-खाली होऊ शकेल, तेही कोणत्याही प्रतिकाराविना. दांडाही सांध्यात तेवढाच मोकळा फिरत असेल, तर पुढच्या दांड्यापाशी हल १० मिलिमीटर वर आणि मागच्या दांड्यापाशी १० मिलिमीटर खाली जाऊ शकतो. दांड्यांमधील अंतर २ मीटर आणि नाळेचे टोक पुढच्या दांड्यापासून दीड मीटर पुढे मानल्यास टोकापाशी हे विस्थापन २५ मिलिमीटर होते. अर्ध्या मिलिमीटरचे पंचवीस मिलिमीटर होतात. यात नळीच्या धातूचा काहीही दोष नाही.

म्हणूनच 'अधिक जाड नळी टाका' हा सर्रास दिला जाणारा सल्ला प्रस्तुत लेखकाला पटत नाही. पातळ भिंतीच्या नळीची जाडी दुप्पट केल्यास तिची दृढता सुमारे दुप्पट होते हे खरे, परंतु फटीतली हालचाल शून्य भारावर होत असल्याने ती तशीच राहते. लवचिकता भाराच्या प्रमाणात असते आणि भार काढताच परत फिरते. ढिलेपणा भाराची वाट पाहत नाही. हेरेशॉफ वा व्हॅरम यांच्या नौकांतील हालचाल रचनाकाराने योजलेली असते. झिजलेल्या रिव्हेटातील हालचाल कोणीही योजलेली नसते, तिच्यासाठी नौकेत कोणतीही सोय नसते. होबी १६ ची चौकट नवीन असतानाही काही प्रमाणात लवते, आणि तेवढे लवणे दोष म्हणून मोजू नये.

करकर कशी उत्पन्न होते :

एकमेकांवर दाबलेले दोन पृष्ठभाग सरकू लागण्यापूर्वी स्थितिक घर्षणाने चिकटून राहतात. भार वाढतो तसा सांध्यात ताण साठतो. मर्यादा ओलांडताच पृष्ठभाग झटक्याने घसरतात, आणि गतिक घर्षण तुलनेने कमी असल्याने साठलेली ऊर्जा कंपनरूपाने बाहेर पडते. पुन्हा पकड, पुन्हा घसरण. दाराच्या बिजागरीचा वा बैलगाडीच्या आसाचा आवाज याच क्रियेने होतो. नौकेत भर अशी की पोकळ नळ्या आणि पोकळ हल ध्वनिपेटीचे काम करतात. परिणामी आवाज जेथून आल्यासारखा वाटतो तेथे तो बहुधा उत्पन्न झालेला नसतो.

ही घसरण निरुपद्रवी नसते. घासल्या गेलेल्या ॲल्युमिनियमचे कण तत्काळ ऑक्साइडमध्ये रूपांतरित होतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडची कठिणता मोह मापश्रेणीवर ९ तर शुद्ध धातूची ३ च्या आत. म्हणजे सांध्यात धातूपेक्षा कितीतरी कठीण अशी पूड तयार होते व तीच धातूला घासत राहते. शिवाय रिव्हेट स्टेनलेस पोलादाचे, चौकट ॲल्युमिनियमची आणि मध्ये खारे पाणी, म्हणजे विद्युतघटच झाला. त्यात झिजण्याची पाळी ॲल्युमिनियमवर येते व रिव्हेटची भोके लंबगोल होत जातात. ढिलेपणा एकदा सुरू झाला की तो आपल्यालाच पोसतो, हे यामागील कारण.

करकर हलक्या वाऱ्यात आणि विस्कळीत लाटांत अधिक ऐकू येते, जोराच्या वाऱ्यात ती पुष्कळदा थांबते, असा अनुभव आहे. याचाही उलगडा याच विवेचनातून होतो. जोराच्या वाऱ्यात तारा व शिडाचा ताण सांध्यांना एका बाजूला दाबून धरतो आणि फट मिटलेली राहते. हलक्या वाऱ्यात भाराची दिशा सतत पालटते व सांधा दर लाटेला एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो. आवाज थांबला म्हणून दोष गेला असे समजणे त्यामुळे धोक्याचे आहे.

निदानाची रीत :

प्रथम सर्वांत सोपी चाचणी. नौका सपाट जमिनीवर ठेवून एका हलाची नाळ हाताने हळूहळू उचलावी व दुसऱ्या हलाची नाळ जमीन केव्हा सोडते ते पाहावे. जितकी उशिरा सोडील तितकी चौकट नरम. परंतु ही चाचणी लवचिकता व ढिलेपणा यांत भेद करीत नाही. त्यासाठी थोडे अधिक श्रम घ्यावे लागतात. मागचे दोन्ही कोपरे आणि पुढचा एक कोपरा लाकडी घोड्यांवर टेकवावा, चौथा अधांतरी ठेवावा आणि त्याला खालून आधार देऊन समतोल साधावा. मग त्या कोपऱ्यावर पाण्याने भरलेले डबे ५, १०, १५ किलोग्रॅम असे टांगत जाऊन दर वेळी विस्थापन मोजावे. तसेच वरच्या दिशेने ओढूनही मोजावे. भार आणि विस्थापन यांचा आलेख काढल्यास निर्दोष चौकटीची रेषा आरंभबिंदूतून सरळ जाते. ढिल्या चौकटीच्या आलेखात आरंभबिंदूपाशी, अत्यल्प भारात मोठे विस्थापन दाखविणारा सपाट टप्पा दिसतो. त्या टप्प्याची रुंदी म्हणजे ढिलेपणा, त्यापुढील रेषेचा चढ म्हणजे चौकटीची खरी दृढता. एक मोजपट्टी व चार डबे एवढ्या साहित्यात पदवीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडूनही हा प्रयोग करून घेता येईल.

दोषी सांधा शोधताना कानापेक्षा बोट अधिक विश्वसनीय आहे. एकाने नौकेला पीळ द्यावा व दुसऱ्याने बोटाचे टोक दांडा आणि कोपऱ्याचा तुकडा या दोहोंवर एकाच वेळी टेकवून धरावे. कानाला न कळणारी हालचाल त्वचेला कळते. रिव्हेटाभोवती काळपट करडा ओघळ दिसल्यास तो घर्षणाने झालेल्या पुडीचा असतो. सांध्यात पाणी सोडल्यावर आवाज बदलला तर जागा नक्की झाली.

खांब हलात जेथे शिरतात ती जागा स्वतंत्रपणे तपासावी. हलाचे वरचे पृष्ठ फायबरग्लासचे दोन थर व त्यांमध्ये फोम अशा रचनेचे असते. नाण्याने टकटक करीत गेल्यास निरोगी भागात खणखणीत व थर सुटलेल्या भागात बद्द आवाज येतो. खांबाभोवतीचा भाग बद्द वाजत असेल, अंगठ्याने दबत असेल, तर आधी हलाची दुरुस्ती करावी. पाया हलता ठेवून चौकट घट्ट करण्याने ताण नेमका त्या दुबळ्या जागी एकवटतो.

पुढचा आडवा दांडा डोलकाठीच्या बैठकीपाशी आणि रिव्हेटांच्या भोकांपाशी भिंगाखाली पाहावा. तडा आढळल्यास तो दांडा बदलावा. कोपऱ्याच्या ओतीव तुकड्यात तडा असेल तरी तेच. इपॉक्सी भरून तडा झाकता येतो, त्याची वाढ थांबवता येत नाही. डोलकाठी, शीड आणि दोन माणसांचा जीव यांचा भार या दांड्यावर असल्याने येथे काटकसरीला जागा नाही.

दुरुस्ती :

सर्वांत स्वस्त उपाय ट्रॅम्पोलिनची दोरी नीट आवळणे हा आहे व तो आधी करून पाहावा. कापड ताणले की बाजूचे दांडे आत ओढले जातात, सांध्यांतील फटी एका बाजूला मिटतात आणि चौकट समांतरभुज होण्यास विरोध वाढतो. पुढच्या दांड्याखालील सळईचा नटही तपासावा. ती सैल असेल तर डोलकाठीचा दाब थेट दांड्यावर पडतो. मात्र हे ताणाने झाकलेले ढिलेपण आहे. कापड सैलावले की ते परत येते.

खरी दुरुस्ती सांधा उघडून करावी लागते. रिव्हेटांची डोकी ड्रिलने कापताना भोक मोठे होऊ देऊ नये; डोके सुटताच उरलेला भाग ठोकून आत पाडावा. जुने सांधे क्षरणाने इतके जखडलेले असतात की ते सोडविण्यातच निम्मा वेळ जातो. येथे हातोड्याचे घाव ओतीव तुकड्यावर घालू नयेत, तो ठिसूळ असतो. गोडे पाणी, भेदक तेल, सौम्य उष्णता आणि सबुरी यांवर भर द्यावा. नंतर तेलाचा अंश पूर्ण धुऊन काढणे अर्थातच आवश्यक.

सांधा सुटल्यावर फट भरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात दांड्याच्या टोकाभोवती इपॉक्सीत भिजविलेली फायबरग्लासची पट्टी गुंडाळून, सिलिकाची पूड मिसळून घट्ट केलेले इपॉक्सी लावून सांधा कायमचा चिकटविला जातो. दुसऱ्यात कोपऱ्याच्या तुकड्याच्या आतील पृष्ठावर आधी मेणाचा थर देतात. त्यामुळे इपॉक्सी फक्त दांड्याला चिकटते, फटीच्या मापाचा साचा तयार होतो आणि सांधा पुढे कधीही उघडता येतो. होबी १६ ची रुंदी २.४१ मीटर असल्याने अमेरिकेत ती जोडलेल्या स्थितीतच मोटारीमागून ओढून नेली जाते, म्हणून तेथे कायमचा मार्ग अनेकांना सोयीचा वाटतो. जेथे नौका सुटी करून न्यावी लागते तेथे मेणाचा मार्गच इष्ट. दृढतेच्या दृष्टीने दोहोंत फरक थोडा, कारण भार चिकटण्यापेक्षा दाबाने वाहिला जातो. भविष्यातील दुरुस्तीची वाट खुली ठेवणारा दुसरा मार्ग प्रस्तुत लेखकाला अधिक योग्य वाटतो.

कायमचा सांधा करावयाचा असल्यास ॲल्युमिनियमच्या पृष्ठाची तयारी निर्णायक ठरते. घासून स्वच्छ केलेल्या धातूवर हवेत तत्काळ ऑक्साइडचा थर येतो. म्हणून पृष्ठावर पातळ इपॉक्सी लावून ते ओले असतानाच खरकागदाने घासावे, म्हणजे उघडा झालेला धातू हवेऐवजी इपॉक्सीला भेटतो. फायबरग्लासऐवजी कार्बनतंतू वापरण्याचा मोह टाळावा. कार्बन विद्युतवाहक असल्याने ॲल्युमिनियमशी त्याचा संपर्क क्षरण वाढवितो. हवा दमट असता कठीणकावरील प्रतिक्रियेने मेणचट थर येतो, तेव्हा हे काम पावसाळ्यात करू नये. इपॉक्सीची त्वचेला कायमची ॲलर्जी जडू शकते, हातमोजे वापरावेत.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असूनही घाईत वगळली जाते. इपॉक्सी ओले असतानाच चौकट हलांवर बसवून, दोन्ही कर्णांची लांबी समान येईपर्यंत ती काटकोनात आणावी. दोन्ही हलांच्या नाळेकडील व मागील टोकांमधील अंतरेही मापून घ्यावीत. हल समपातळीत आहेत याची पाण्याच्या नळीने वा पाणसळीने खात्री करावी. इपॉक्सी जी स्थिती पकडील ती पुढील अनेक वर्षे राहणार आहे, आणि वाकडी पण दृढ चौकट ही ढिल्या चौकटीपेक्षा वाईट. सुकाणू समांतर राहत नाहीत, एक हल सतत दुसऱ्याला ओढत राहतो. इपॉक्सी एका दिवसात हाताळण्याजोगे होते, पण पूर्ण बळ यायला आठवडा द्यावा. नवीन रिव्हेट बसविताना भोकात विलगक लेप भरावा, म्हणजे पोलाद व ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारे पाणी शिरत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी काम हाती घेण्यापूर्वी आपल्या वर्गाचे नियम पाहून घ्यावेत, कारण एकसमान रचनेच्या नौकांत कोणते बदल चालतात हे नियमांनी ठरते.

दुरुस्तीनंतर डब्यांची चाचणी पुन्हा करून दोन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत. सपाट टप्पा नाहीसा झालेला दिसला पाहिजे. चढ फारसा बदललेला नसेल तर त्याने निराश होऊ नये, कारण नळ्या त्याच आहेत. एक आवाज मात्र यानंतरही राहील. होबी १६ ची डोलकाठी आपल्या बैठकीवर फिरण्यासाठीच बसविलेली असते आणि दिशा बदलताना ती तेथे कुरकुरते. त्या बैठकीतील घासपट्टी झिजली असल्यास बदलावी, नसल्यास तो आवाज तसाच राहू द्यावा.